महागडा हेडफोन घ्यावा का? निर्णयापूर्वीची पडताळणी

तीस-पस्तीस हजारांचा हेडफोन चांगला असतो का, असे विचारले तर बहुतेक वेळा ‘असतो’ असेच उत्तर द्यावे लागते, आणि त्यामुळेच निर्णय घेताना त्या उत्तराचा काही उपयोग होत नाही. उपयोग होतो तो दुसऱ्या प्रश्नाचा: आज आपण कानाला जे लावतो त्याविषयी आपली नेमकी तक्रार कोणती, आणि ती पैशाने दूर होण्यासारखी आहे का? ही तक्रार एका वाक्यात कागदावर उतरत नसेल, तर खरेदी खुशाल लांबणीवर टाकावी. या लेखात ‘महागडा’ म्हणजे साधारण पंधरा हजार रुपयांच्या वरचा, असे धरले आहे. ज्या बाजारात दीड-दोन हजारांत ब्लूटूथ इअरबड्स मिळतात, तिथे ही सीमा वाजवी वाटते. कोणाला ती दहा हजारांवर आणावीशी वाटली तरी पुढचा हिशेब बदलत नाही.

तक्रार कोणत्या जातीची?

तक्रारींच्या ढोबळमानाने चार-पाच जाती आढळतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो. ‘सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठेपर्यंत डब्यातल्या खडखडाटात काही धड ऐकू येत नाही’ ही गोंगाटाची तक्रार झाली. ‘तासाभराने कानाच्या पाळ्या दुखू लागतात’ ही बसणीची. ‘मीटिंगमध्ये माझा आवाज समोरच्याला तुटक जातो’ ही माइकची. ‘डग्गा फुगलेला वाटतो आणि तंबोरा गायकाच्या आवाजाखाली दबून जातो’ ही स्वरांच्या तोलाची. आणि ‘आता याचा कंटाळा आला’ हीसुद्धा तक्रारच आहे, प्रामाणिकही आहे. फक्त तिच्यावर नवा हेडफोन हा उतारा दोन-तीन महिन्यांपुरताच लागू पडतो.

यांपैकी गोंगाटाच्या तक्रारीवर पैसा सर्वांत भरवशाने काम करतो, म्हणून तिचा विचार आधी करावा. नॉइज कॅन्सलेशनमध्ये हेडफोनवरचे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि आतील यंत्रणा त्याच्या नेमक्या उलट लहर तयार करून दोन्हींची वजाबाकी घडवून आणते. विमानप्रवासात हेडफोनवर काही नीट ऐकू येईना म्हणून १९७८ साली बोस या ध्वनियंत्रांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना या दिशेने काम करण्याची कल्पना सुचली, आणि सर्वसामान्य ग्राहकासाठी त्यांच्या कंपनीचा ‘क्वाएट कम्फर्ट’ २००० साली बाजारात आला. तत्त्व तेव्हाचेच असल्यामुळे त्याची मर्यादाही तीच राहिली आहे: खालच्या पट्टीतला, एकसारखा चालणारा आवाज त्याला चांगला कापता येतो. रेल्वेच्या चाकांची घरघर, नाशिक-पुणे बसच्या इंजिनाचा हुंकार, ऑफिसातल्या एसीचा घोष हे सगळे त्यात मोडते. नाशिकच्या द्वारका चौकातला कर्कश हॉर्न, शेजारच्या बाकावर रंगलेला पत्त्यांचा डाव, लहान मुलाचे रडणे हे अचानक उमटणारे आणि वरच्या पट्टीतले आवाज त्या मानाने निसटतात. ते अडवतात ते कानाला घट्ट बसलेले इअरपॅड किंवा रबरी टिप्स. म्हणून ज्याला मुख्यतः माणसांच्या बोलण्याचाच त्रास होतो, त्याने दोन-अडीच हजारांचे नीट बसणारे वायरचे इअरफोन आधी वापरून पाहावेत. ज्याला दररोज दोन-तीन तास गाडीत काढायचे आहेत, त्याच्या बाबतीत मात्र वरच्या दर्जाच्या नॉइज कॅन्सलेशनवर केलेला खर्च मी उधळपट्टीत धरणार नाही.

त्याला आणखी एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने सरासरी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते, आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला जेमतेम ५ तास. गाडीच्या आवाजावर मात करण्यासाठी माणूस नकळत आवाज किती चढवतो, हे डब्यात शेजारच्याच्या इअरफोनमधून गाण्याचे शब्द ऐकू येऊ लागले की कळते. बाहेरचा गोंगाट कमी झाला तर आतला आवाजही खाली आणता येतो. हेडफोन महाग असण्याच्या समर्थनार्थ जे मुद्दे मांडले जातात, त्यांत हा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि जाहिरातीत तोच सहसा नसतो.

याउलट ज्यांचे ऐकणे घरीच, रात्री जेवणे आटोपल्यावर होते, त्यांच्यासाठी हे सगळे फिजूल आहे. गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत पाचव्या-सहाव्या मजल्यावर साडेदहानंतर उरतो तो पंख्याचा आवाज, आणि त्याला बंद करण्याचे बटण भिंतीवर असते. अशा ऐकणाऱ्याने पाठ उघडी असलेल्या, म्हणजे ओपन-बॅक, हेडफोनचा विचार करावा. त्यांत आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, वाद्ये थोडी दूर आणि सुटी ऐकू येतात आणि कानाला हवा लागते. चैत्र-वैशाखात हा शेवटचा गुण काही कमी मोलाचा नाही. मात्र त्यांतून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो, त्यामुळे प्रवासाला ते कुचकामी आणि शेजारी कोणी झोपले असेल तर अडचणीचे ठरतात.

पैसा कशाला जातो?

किंमत आणि आवाज यांचे नाते लोक समजतात तितके सरळ नाही. जेरून ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन आणि इअरफोनचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कोणत्या पट्टीतला आवाज किती कमी-जास्त होऊन कानात पडतो ते, मोजून त्याची किरकोळ विक्रीच्या किमतीशी तुलना केली. ध्वनिशास्त्राच्या अमेरिकेतील प्रतिष्ठित नियतकालिकात २०१७ साली आलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की दोहोंत काहीही संबंध आढळत नाही. आपण ज्याला सैलपणे ‘क्वालिटी’ म्हणतो तिचा सर्वांत मोठा हिस्सा हाच रिस्पॉन्स असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे महत्त्व कळते. हार्मन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या सुमारास आणि नंतर केलेल्या चाचण्यांतून असेही दिसून आले, की कोणता हेडफोन आहे हे लपवून ऐकवले असता बहुसंख्य श्रोत्यांची पसंती साधारण एकाच प्रकारच्या तोलाला मिळते. खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा ऐकू येणारा हा तोल साधण्याची कृती आता गुपित राहिलेली नाही, आणि स्वस्तात तो साधणाऱ्या कंपन्या पुष्कळ झाल्या आहेत.

मग वाढीव पैसा जातो कुठे? टिकाऊ बांधणी, सुटे भाग मिळण्याची सोय, डाव्या-उजव्या कानांतला तंतोतंत सारखेपणा, हलके पण घट्ट बसणारे हेडबँड, नॉइज कॅन्सलेशन, माइक, अॅप, जाहिरात, नाव आणि १८ टक्के जीएसटी यांत तो वाटला जातो. यांतल्या कशासाठी पैसे मोजायचे हे आपल्या तक्रारीवरून ठरवावे. वजनाचेच पाहा: सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ चे वजन २५४ ग्रॅम आहे, तर भारतात ५९,९०० रुपयांना आलेल्या अॅपलच्या एअरपॉड्स मॅक्सचे सुमारे ३८५ ग्रॅम. बसणीची तक्रार घेऊन निघालेल्या माणसाला महागडी वस्तू उलट जड पडू शकते. माझ्या अनुभवाने पाचशेवरून तीन हजारांवर जाताना फरक कोणालाही कळतो, तीन हजारांवरून पंधरा हजारांवर जाताना लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळतो, आणि त्यापुढे तो हौशी माणसाला कळतो. पण एवढ्या पैशांत न कळला तरच नवल, अशी समजूतही तिथे कामाला लागलेली असते.

सध्याच्या हेडफोनला एक संधी

कितीतरी तक्रारी मुळात हेडफोनच्या नसतातच. कान झाकणाऱ्या हेडफोनचे इअरपॅड दोन-तीन वर्षांत चपटे होतात, रेक्झिनचे काळे पापुद्रे कानामागे चिकटू लागतात आणि आतला फोम अंगठ्याने दाबला तर पुन्हा वर येत नाही. पॅड असा बसला, की कानाभोवतीची हवाबंद जागा नाहीशी होते आणि सर्वांत आधी बास जातो. मालक म्हणतो, ‘आवाजात दम राहिला नाही.’ नवे पॅड बहुतेक प्रचलित मॉडेलांना काही शे रुपयांत मिळतात. चष्मा लावणाऱ्यांनी तर एक चाचणी आजच करून पाहावी: गाणे चालू असताना कानाच्या पुढच्या बाजूला, जिथून चष्म्याची काडी आत शिरते, तिथे हेडफोन बोटांनी हलकेच दाबावा. खर्ज एकदम भरून आला तर गळती काडीशी आहे असे समजावे. पातळ काड्यांची फ्रेम किंवा जास्त मऊ पॅड हा तिथला इलाज, पस्तीस हजारांचा हेडफोनही त्याच काडीवर बसणार आहे. इअरफोनच्या बाबतीत डबीत तीन मापांच्या टिप्स येतात आणि त्यांतली मधली जोडी सोडून बाकीच्या पुष्कळांच्या घरी पिशवीतून बाहेरही निघत नाहीत.

स्वरांच्या तोलाची तक्रार असेल तर इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांतला आवाज कमी-जास्त करण्याची सोय, वापरून पाहावा. ‘ऑटोइक्यू’ या मोफत उपलब्ध असलेल्या प्रकल्पात हजारो मॉडेलांसाठी कोणती पट्टी किती कमी-जास्त करावी याचे आकडे दिलेले आहेत आणि ते फोनच्या अॅपमध्ये भरता येतात. एक-दोन संध्याकाळी यावर घालवल्यावर जर डग्ग्याची सूज उतरली, तंबोरा मोकळा झाला, तर तीस हजारांपैकी पंचवीस हजारांचे काम फुकट झाले असे मानण्यास हरकत नाही.

त्यानंतर आपण ऐकतो काय, हे तपासावे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे अखेरच्या काळातले वास्तव्य नाशिकला होते, आणि त्यांचे पुत्र पंडित द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकचाच. त्यांची भजने आणि रागदारी आजही इथल्या घरांतून आवडीने ऐकली जाते. पण ते १९५५ साली गेले, आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या त्यानंतर. त्यांचे सगळे गाणे मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच ध्वनी पोहोचतो आणि गायक डोक्याच्या मधोमध बसलेला वाटतो. विस्तीर्ण अवकाश, वाद्यांची मांडणी हे महागड्या हेडफोनचे जे गुण सांगितले जातात, ते दाखवायला अशा ध्वनिमुद्रणात सामग्रीच नसते. उलट तबकडीची खरखर आणि कोणीतरी यूट्यूबवर चढवताना केलेली काटछाट अधिक स्पष्ट होते. ज्यांचे ऐकणे मुख्यतः या काळातले आहे, त्यांना मधल्या पट्टीत सरळ असलेला पाच-सात हजारांचा वायरचा हेडफोन पुरतो, आणि उरलेले पैसे चांगल्या प्रती मिळवण्यात घालवलेले बरे. पुढच्या काळातल्या मैफलींची नीट केलेली ध्वनिमुद्रणे, चित्रपटसंगीताचे अलीकडचे मिश्रण किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकणाऱ्यांना मात्र चांगल्या हेडफोनमध्ये खरोखर अधिक ऐकू येते.

कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी ध्वनी आकुंचित करण्याची पद्धत. तिच्या नावांनी फार दबून जाऊ नये. एसबीसी या मूळ ब्लूटूथ कोडेकची कमाल गती सामान्यतः ३२८ किलोबिट प्रतिसेकंद धरली जाते, एलडॅक या सोनीच्या कोडेकची ९९०. पण आयफोनमध्ये एलडॅक नाही, तिथे एएसी चालते. त्यामुळे आयफोन वापरणाऱ्याने खोक्यावरच्या त्या चिन्हासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. उरलेल्यांनी दोन्हींतला फरक कोणी दुसऱ्याने लपवून बदलला असता ओळखता येतो का, ते पाहावे. दहा वेळा बदलून नऊ किंवा अधिक वेळा बरोबर ओळखले तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता सुमारे एक टक्का असते, म्हणजे फरक कळतो असे मान्य करावे. सहा-सात वेळा बरोबर आले तर आपण नाणे उडवत होतो.

स्वतःच्या कानांची पातळीही याच टप्प्यावर पाहिलेली चांगली. वय वाढते तसे वरच्या पट्टीतले ऐकणे कमी होत जाते, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेस शॉपसारख्या, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून घडवण्याच्या, ठिकाणी वर्षानुवर्षे काम केलेल्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, ४ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने किंवा गोंगाटात काम केलेल्या कोणीही मोठी खरेदी करण्यापूर्वी ऑडिओमेट्री, म्हणजे ही तपासणी, करून घ्यावी. हेडफोनच्या तुलनेत तिचा खर्च किरकोळ असतो.

ऐकून कसे पाहावे?

नामांकित कंपन्यांचे ब्लूटूथ हेडफोन कॉलेज रोडवरच्या किंवा मॉलमधल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत टेबलावर मांडलेले असतात आणि कानाला लावून पाहता येतात. महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत वस्तू मिळते, ऐकायला मिळेलच असे नाही. वायरचे, ओपन-बॅक प्रकारातले मॉडेल ऐकायचे असेल तर सहसा मुंबई-पुण्याची वारी करावी लागते, किंवा परत घेण्याची सोय असलेल्या विक्रेत्याकडून मागवून घरीच पाहावे लागते. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण दुकानात गोंगाट असतो, विक्रेता शेजारी उभा असतो आणि दहा मिनिटांत हेडफोनचे वजन मानेला जाणवत नाही.

दुकानातले गाणे वापरू नये. जी दोन-तीन ध्वनिमुद्रणे आपल्याला पाठ आहेत, तीच न्यावीत, आणि त्यांत निदान एक बोलण्याचे असावे, कारण ओळखीच्या माणसाच्या आवाजात झालेला बदल कानाला तत्काळ खटकतो. तुलना करताना दोन्ही हेडफोनचा आवाज सारखा ठेवणे ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी पाळली जाणारी अट आहे. एक-दोन डेसिबल मोठा असलेला हेडफोन ‘मोठा’ न वाटता ‘अधिक स्पष्ट’ आणि ‘अधिक जिवंत’ वाटतो, हा मानवी श्रवणाचा स्वभाव आहे, आणि अनेक विक्रीसंभाषणांचा पायाही तोच आहे. नेमके मोजायचे साधन नसेल तर आधी नवा हेडफोन मुद्दाम थोडा हळू ठेवून ऐकावा. तरीही तोच आवडला तर त्या आवडीत तथ्य आहे.

डोक्यावर कोणता हेडफोन आहे हे स्पर्शानेच कळते, म्हणून हेडफोनची खरी लपवून चाचणी घरी घेता येत नाही. त्याऐवजी एक आठवडा फक्त नवा वापरावा आणि मग दोन दिवस जुन्यावर परत यावे. नव्याकडे जाताना होणारा आनंद फसवा असतो. जुन्याकडे येताना काही खुपते का, आणि जे खुपते ते कागदावर लिहिलेल्या तक्रारीशी जुळते का, एवढेच पाहावे.

खोक्यावरच्या किमतीपलीकडे

वायरचा महागडा हेडफोन अनेकदा एकटा येत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या: १९९७ सालचा हा हेडफोन आजही विकला जातो, त्याचे पॅड, वायर आणि बहुतेक भाग सुटे मिळतात, आणि म्हणूनच तो पैसे वसूल करणाऱ्या वस्तूंत मोडतो. पण त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे आणि एक व्होल्ट दिल्यावर तो ९७ डेसिबल आवाज देतो. वायरचा हेडफोन जोडण्यासाठी फोनला लावायच्या बऱ्याच साध्या डोंगलांचा, म्हणजे छोट्या जोडण्यांचा, आउटपुट एक व्होल्टच्या आसपास असतो. आजच्या मोठ्या आवाजात मुद्रित केलेल्या गाण्यांना तेवढे पुरते, पण विलंबित ख्यालाचे हळू पातळीवरचे मुद्रण किंवा वाद्यवृंदातला क्षणिक कडकडाट पूर्ण उमटायचा तर १०८ ते ११० डेसिबलच्या शिखराला जागा हवी, आणि त्यासाठी साधारण साडेचार व्होल्ट लागतात. याचा अर्थ वेगळा अँप्लिफायर, म्हणजे आणखी काही हजार. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रोधांत मिळतो. फोनवर ऐकणाऱ्याने मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नये, तो दर्जाचा आकडा नाही. डॅक, म्हणजे डिजिटल ध्वनीचे विद्युतलहरीत रूपांतर करणारे यंत्र, आणि वायरींवर होणाऱ्या खर्चाबद्दल इतकेच म्हणेन, की हेडफोन, बसण आणि मुद्रण या तिन्हींचे समाधान झाल्याशिवाय तिकडे वळू नये.

बिनवायरच्या हेडफोनची अडचण वेगळी, ती बॅटरीची. इथे कान झाकणारे मॉडेल आणि इअरबड्स यांत मोठा फरक पडतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे पूर्ण चार्जनंतर लक्षणीय उतरते असे धरले, तर एका चार्जवर ३० तास चालणाऱ्या हेडफोनमधून पंधरा हजार तास निघतात, म्हणजे चार्जच्या संख्येने तो मरत नाही. मरतो तो वयाने आणि उष्णतेने. नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो त्या दिवसांत बंद गाडीच्या काचेमागे हेडफोन ठेवू नये, ते यासाठी. सहा तास चालणाऱ्या इअरबड्सचे मात्र त्याच हिशेबाने तीन हजार तासच होतात, शिवाय त्यांची चिमुकली बॅटरी बदलून मिळणे कठीण असते. म्हणून वीस-पंचवीस हजारांचे इअरबड्स ही माझ्या मते या सगळ्या बाजारातली सर्वांत महाग खरेदी आहे, खोक्यावरचा आकडा कमी दिसत असला तरी.

आता तासाचा दर काढावा. तीस हजारांचा हेडफोन दररोज दीड तास, वर्षातले तीनशे दिवस आणि पाच वर्षे वापरला तर २,२५० तास होतात आणि ताशी सुमारे १३ रुपये पडतात. तोच हेडफोन आठवड्याला तीन तास वापरला तर ७८० तास आणि ताशी ३८ रुपये. पहिला दर कोणाला जास्त वाटू नये. दुसरा जास्त आहे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, मात्र तास मोजताना आपण पुढे ऐकणार आहोत ते न धरता गेल्या महिन्यात प्रत्यक्ष ऐकले ते धरावेत, कारण नवीन हेडफोन आणल्यावर रोज रियाजाला बसल्यासारखे संगीत ऐकू, हा संकल्प फार जणांनी केलेला आहे.

हौसेला मोल नसते हे खरे, आणि केवळ हौसेखातर हेडफोन घेण्यात वावगे काही नाही. पण मग ती हौस म्हणूनच मांडावी, तिला गरजेचा वेष देऊ नये. हौसेची रक्कम दुकान बघण्यापूर्वी ठरवावी आणि ती हातात असावी. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाइतकी सूट आधी दिली जाते आणि मग व्याज आकारले जाते, त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, आणि अनेक बँकांत प्रक्रिया शुल्क, ग्राहकाच्याच माथी येते. रक्कम मोठी नसते. खरा धोका हा, की महिन्याचा हप्ता लहान दिसल्यामुळे वीस हजारांची ठरवलेली मर्यादा नकळत पस्तीसवर जाते.

घेण्याचे ठरल्यावर

नवे मॉडेल आले की आदल्या पिढीचा भाव उतरतो आणि आवाजात तितका फरक नसतो, म्हणून आदली पिढी आधी पाहावी. सणासुदीच्या सवलतींची वाट पाहणे इथे सहसा फायद्याचे ठरते. वापरलेला हेडफोन घ्यायचा तर वायरचा घ्यावा; पॅड बदलले की तो नव्यासारखा होतो आणि दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, हे पाच मिनिटांत कळते. बिनवायरचा वापरलेला हेडफोन घेताना बॅटरीचा अंदाज बाहेरून येत नाही.

खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असलीच पाहिजे, आणि बिनवायरच्या हेडफोनवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ही माहिती नसेल आणि भाव इतरांपेक्षा चार-सहा हजारांनी कमी असेल, तर माल परस्पर आणलेला किंवा नकली असण्याचा संभव मोठा. अशा वस्तूची वॉरंटी भारतातले सेवा केंद्र बहुधा नाकारते. ऑनलाइन घेताना ‘परतावा’ आणि ‘फक्त बदली’ यांतला फरक पैसे भरण्यापूर्वी वाचावा. आवडला नाही म्हणून परत घेण्याचे बंधन विक्रेत्यावर सरसकट नसते, त्याने स्वतः जाहीर केलेल्या अटींपुरतेच असते, आणि त्या अटी दाखवणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याला भाग आहे. मुदतीचा शेवटचा दिवस कॅलेंडरवर टिपून ठेवावा, तोवर खोके, आतली प्लॅस्टिकची आवरणे आणि न वापरलेल्या टिप्स जपाव्यात, आणि खोके उघडतानाच मोबाइलवर सलग चित्रण करून ठेवावे.

बिल जीएसटीचे, दुकानाच्या नावाचे आणि मॉडेल व अनुक्रमांक लिहिलेलेच घ्यावे. वॉरंटीत दुरुस्ती नाकारली गेली तर आधी कंपनीला लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या ठिकाणी दाद मागता येते, त्यामुळे विक्रेता दिल्लीचा असो वा बेंगळुरूचा, नाशिककराला नाशिकच्याच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाता येते.